ऐनाचा चौथा खांब

माझी ट्रंक सोप्याच्या उंबऱ्याशी आणून ठेवली, तेव्हा दादा अजून चहा पीत होता. पाहुण्याचा चहा संपेपर्यंतही आमच्या चुलतसासऱ्यांना दम निघाला नाही. हिंदूराव त्यांचं नाव, सगळं गाव त्यांना तात्या म्हणे. माझे सासरे लग्नाआधीच वारले होते, त्यामुळे घरात शब्द चालायचा तो तात्यांचा.

“घिऊन जावा बहिनीला,” तात्या दादाला म्हणाले. “भांडान न्हाई, तंटा न्हाई. पोरगी वाईट हाय असं मी म्हनत न्हाई. पन पायगुन चांगला न्हाई तिचा.”

दादा एसटीत कंडक्टर होता. दिवसभर सुट्ट्या पैशांवरून लोकांशी हुज्जत घालणारा माणूस, पण त्या दिवशी बशी तोंडाशी नेऊन तशीच धरून बसला. तात्यांनी साक्षीला म्हणून गावातले दोघे-तिघे जाणते बोलावले होते. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्ती म्हणायची, त्या माजघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. आणि माझे मालक, जोतीराम, मोडलेला पाय फळ्यांत बांधून आतल्या खोलीत पडले होते. त्यांना तिथं सगळं ऐकू येत होतं. ते ऐकत होते, एवढंच. मला त्या दिवशी त्यांचा जितका राग आला तितका तात्यांचाही आला नाही.

तात्यांनी एकेक गोष्ट सांगितली. नव्या घराच्या घरभरणीनंतर थोड्याच दिवसांत पाखऱ्या बैल गेला. पावसात विहिरीची एक बाजू ढासळून आत बसली. आणि आता कर्ता पोरगा रिकाम्या गाडीवरून पडून लंगडा होऊन बसलाय. हे सगळं ही मालन घरात आल्यापासून.

मालन म्हणजे मी. परत जायचं म्हणजे कुठं, तर दादाच्या दोन खोल्यांत, वहिनी आणि तीन पोरांच्या मध्ये. आणि असा शिक्का बसून परत गेलेल्या मुलीचं पुढं काय होतं, हे मला कोणी सांगायला नको होतं. सासरच्याच गावातल्या दौलू सुताराची लेक हौसा मी रोज बघत होते. माझ्याच वयाची, तिच्या सासरच्यांनी कायमची परत धाडलेली. दळण-कांडण करायची, बापाची भाकरी कामावर नेऊन द्यायची आणि चार बायका दिसल्या की रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं जायची.

दादानं बशी खाली ठेवली.

“तात्या, एक विचारतो. बैल गेला तो घरभरणीच्या आधी का नंतर?”

“मागनं गेला. सांगितलं न्हवं.”

“माझी बहीण तुमच्यात आली माघात. घरभरणी वैशाखात. मधल्या दिवसांत तुमचं काही बिघडलं होतं का?”

तात्यांनी जरा विचार केला. “न्हाई. तवा कायबी न्हवतं.”

“मग नवं घर उभं राहिलं आणि सुरू झालं. ट्रंक माझ्या बहिणीची का काढता? घराचं काही चुकलं असेल, ते आधी बघा की.”

दादाला तिकिटांचा हिशेब पाठ, तसा हा त्यानं चहा पिताना मांडला असणार. सोप्यातले जाणते एकमेकांकडे बघायला लागले. त्यातले गुंडाआबा सगळ्यांत म्हातारे. ते म्हणाले, “पोरगा बोलतोय त्ये खोटं न्हाई. खांब उलटा पडला असंल तर असं व्हतंय. माझ्या मावळनीच्या घरात झालं व्हतं.”

आमच्याकडची ही रीत जुनी. झाड रानात जसं उभं होतं तसंच घरात उभं करायचं. बुंध्याकडचं टोक खाली, शेंड्याकडचं वर. चुकून उलटा खांब बसला तर घराला स्वस्थता लाभत नाही, असं समजतात. आता तासून चौकोनी केलेल्या खांबाला बुंधा कुठला आणि शेंडा कुठला, हे बघणाऱ्याला कळत नाही. ते एका सुतारालाच माहीत.

तात्या हसले. “आबा, दौलूनं उभं केल्यालं घर हाय ह्ये. पाच गावांत त्येच्या हातचा एक खांब उलटा हाय असं कुनी दाखवावं. त्येच्या बा-आज्ज्यापसनं न्हाई.” मग दादाकडे वळले. “तरी तुमच्या मनात नगं ऱ्हायला. बोलवा दौलूला. त्येनं सांगितलं का मग एस्टीला उशीर करू नका.”

माणूस दौलूमामांना बोलवायला गेला. माझी ट्रंक तिथंच राहिली.

दौलूमामा खोटं सांगणार नाहीत, हे मला तात्यांपेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी ते खांब माझ्यासमोर घडवले होते.

मी लग्न होऊन आले तेव्हा हे घर नव्हतंच. आम्ही जुन्या घरात राहायचो, आणि अंगणाच्या कडेला आंब्याच्या सावलीत ऐनाचे ओंडके आडवे पडले होते. आमच्याच वरच्या रानातले. आदल्या साली, पानं गळाल्यावर, वद्य पक्ष बघून पाडलेले. चांदणं वाढतं असताना पाडलेल्या लाकडाला भुंगा लागतो, असं दौलूमामा सांगत. ओंडक्यांच्या दोन्ही तोंडांना शेणमाती लिंपलेली होती. मला आधी वाटलं, पूजाबिजा असेल.

“पूजा न्हाई सूनबाई,” ते म्हणाले. “ऐन लई तापट लाकूड. उन्हात टाकलं का उभं चिरतंय. तोंडं झाकून, सावलीत, हळूहळू वाळवायचं. घाई केली का गेलं.”

कामावरच्या माणसांना चहा आणि न्याहारी द्यायचं काम माझ्याकडे होतं. नवी सून, घरात मन रमत नव्हतं, मी रेंगाळत असे. आणि दौलूमामांना बोलायला कोणी लागतच होतं. ऐनाची साल सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, ती जाळून केलेली राख ते डबीत ठेवत आणि चुन्याऐवजी तंबाखूला लावत. मी म्हटलं, “मामा, ह्या घराचं निम्मं झाड तुम्ही खाऊनच संपवणार.” ते म्हणाले, “निम्मं खाल्लं तरी उरल्यालं हत्ती पेलंल.” झाड पाडताना एकाच्या खोडातून घागरभर पाणी आलं, ते सगळ्यांनी ओंजळीनं प्यालं, हेही त्यांनीच सांगितलं. मी तेव्हा थाप समजले होते. नंतर रानात मी स्वतः बघितलं, ऐन खरंच पाणी साठवून ठेवतो.

त्यांचं काम बघत राहावं असं होतं. साग लोण्यासारखा कापला जातो म्हणत, पण घराच्या मधल्या खांबाला त्यांना ऐनच लागे. जड, काळपट तपकिरी, आत गडद रेघा. खिळा सरळ मारला तर खिळाच वाकतो, आधी गिरमिटानं भोक पाडावं लागतं. करवत तापून निळी पडायची, मग तिला खोबरेल पुसायचं. वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. उरलेल्या तुकड्यांचं मुसळ करतात, नांगराचं दांडं करतात, गाडीला लावतात. काही वाया जात नाही.

चार खांब त्यांनी दोरी धरून तासले. वर-खाली एकाच मापाचे, चारी बाजू सारख्या. तासून झालं की बुंध्याच्या टोकावर, मधोमध, ते गेरूचा टिळा लावत. खांब उभा झाला की ते टोक दगडी बैठकीवर जाई आणि टिळा कायमचा झाकला जाई. चौथा खांब झाला त्या दिवशी त्यांचा गेरू संपला होता. मी तुळशीकट्टा सारवून त्याला गेरूचे पट्टे देत बसले होते.

“सूनबाई, वाईच गेरू आना हिकडं.”

मी वाटी घेऊन गेले. ते चिंधी शोधायला लागले. मग म्हणाले, “राहू दे. तुझं बोट भिजल्यालंच हाय. लाव तूच.”

“मी लावू?”

“घर तुजंच हाय न्हवं.”

मी बुंध्याच्या टोकावर बोट दाबलं. लाकडाचा दाणा खरखरीत होता, गेरू त्यात चांगला धरला. बोटाच्या रेघासुद्धा उठल्या. सासरी आल्यापासून ‘हे तुझं आहे’ असं मला पहिल्यांदा त्यांनी म्हटलं, म्हणून मला ते इतकं लक्षात राहिलं.

निरोप पोचल्यावर दौलूमामा आले ते पायांतल्या वहाणा काढून, हातपाय धुऊन. खांद्यावर टॉवेल, हातात लाकूड तासायचा वाकस. उंबऱ्याशी ठेवलेली ट्रंक त्यांना दिसली. ट्रंकेकडे बघितलं, मग माझ्याकडे. तात्यांनी त्यांना थोडक्यात सगळं सांगितलं.

“तुजी मान ताठ हाय म्हनून तुलाच बोलवलं दौलू,” तात्या म्हणाले. “बग आनि सांग. खांब सरळ हायेत का न्हाईत.”

“सरळ असलं तर ह्या पोरीचं काय?”

“सरळ असलं तर दोष घराचा न्हाई. मग ती जाईल.”

दौलूमामांनी तांब्याभर पाणी मागितलं. मीच आणून दिलं. ते पहिल्या खांबापाशी गेले, ओला हात लाकडावरून वरून खाली फिरवला, वाकसाच्या दांड्यानं दोनदा वाजवलं आणि पुढं गेले. दुसरा. तिसरा. दादा उभा राहिला होता. माझं लक्ष त्यांच्या पाठीकडे होतं, आणि मनात एकच चाललेलं, की हे आता वळतील, ‘तात्या, घर सरळ हाय’ म्हणतील, आणि मला पाया पडून निघावं लागेल.

चौथ्या खांबापाशी ते थांबले. तिथं माझ्या खांद्याच्या उंचीवर एक गाठ होती. ती त्यांनी ओली केली. अंगठा तिच्यावर फिरवला. खाली बसले, बैठकीचा दगड बघितला. पुन्हा उठले.

“तात्या,” ते म्हणाले, “ह्यो उलटा हाय.”

आत्तींचा पदर तोंडावरून खाली आला.

“दौलू, नीट बग,” तात्या म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

“बगितलं. ही गाठ बगा. फांदी झाडावर वर जाती, गाठीचं तोंडबी वरच असाय पायजे. हितं त्ये खाली हाय.”

गुंडाआबा काठी टेकत जवळ आले. दुसरे दोघेही आले. तिघांनी गाठीकडे डोळे बारीक करून बघितलं आणि माना डोलवल्या. गाठ मलाही दिसत होती. ती वर बघते का खाली, हे तिलाच ठाऊक.

“तुज्या हातनं असं झालं?”

“झालं. सांजच्याला उभा केला त्यो. मानसं दमली व्हती, माजी नदर चुकली. दुसऱ्या कुनाची चूक न्हाई, आनि ह्या पोरीचा ह्यात कायबी संबंध न्हाई. दोष माजा हाय.”

आपल्याच हातानं आपलं नाव कोण कापून देईल? म्हणूनच सगळ्यांचा लगेच विश्वास बसला. तात्यांचासुद्धा. ते खूप बोलले. सुताराला तोंडावर बोलायचं ते सगळं बोलले, आणि दौलूमामा टॉवेलाचं टोक हातात धरून ऐकत उभे राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, “उद्या येतो. सरळ करून देतो. मजुरी घेनार न्हाई.”

दादानं जाताना ट्रंक उचलून परत आत नेली. मी सैपाकघरात जाऊन चुलीपुढं बसले आणि चूल न पेटवताच बराच वेळ रडले. त्या रडण्यात नुसता आनंद होता, हे मी लपवणार नाही. दौलूमामांचं काय गेलं, हे त्या दिवशी माझ्या डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्यांच्या दोन माणसांना घेऊन आले. तुळईखाली टेकू उभे केले, पाचरी ठोकल्या, तुळई केसभर उचलली. मग तिघांनी मिळून तो चौथा खांब सोडवून बाहेर काढला आणि अंगणात आडवा ठेवला. मी पाण्याची घागर घेऊन त्याच्या पायाशीच उभी होते.

खांबाचं खालचं टोक माझ्यासमोर होतं. दगडाची पांढरी धूळ त्यावर बसली होती, आणि मधोमध गेरूचं बोट. माझं.

टिळा बुंध्यावर असतो. टिळा खाली होता. खांब सरळ होता.

मी वर बघितलं तर दौलूमामा माझ्याकडेच बघत होते. ते दोन पावलं पुढं आले, त्या टोकावर सहज टेकल्यासारखा तळवा ठेवला आणि म्हणाले, “सूनबाई, घागर ठेवा आनि च्या टाका मानसांना.”

मी चहा टाकला. दुसरं काय करणार. अंगणात तात्या खुर्ची टाकून बसले होते.

दिवसभर त्यांनी त्या खांबावर काम केलं. वरच्या टोकाला जे निमुळतं कुसू होतं, ते कापून टाकलं, कारण ते टोक आता खाली जाणार होतं. आणि जे टोक खाली होतं, त्याला नवं कुसू पाडायचं, तुळईच्या भोकात बसेल असं. बोलायला सोपं आहे. ऐन ओलसर असतो तोवर सुताराचं ऐकतो, एकदा का पुरा वाळला की कुणाचं ऐकत नाही. पटाशी मारली की ठण्ण आवाज यायचा आणि लाकडाला नुसता ओरखडा उठायचा. धार जायची. ते थांबायचे, दगडावर धार लावायचे, पुन्हा बसायचे. बरोबरचे दोघं मदतीला येऊ बघत होते, त्यांना त्यांनी त्या टोकाजवळ येऊ दिलं नाही. चारी बाजूंनी लाकूड काढत आले, पण मधला भाग, जिथं गेरू होता, तिथं हत्यार लावलं नाही. त्याच्यावर टॉवेल टाकून ठेवला होता.

दुपारी हौसा भाकरी घेऊन आली. बापाच्या तळव्यांना फोड आलेले तिनं बघितले. भाकरी सोडून त्यांच्यापुढं ठेवली. आणि जाताना ती पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून गेली.

संध्याकाळी खांब उभा करायच्या आधी दौलूमामांनी सगळ्यांना जरा बाजूला व्हायला सांगितलं. आडव्या लाकडावर कपाळ टेकलं, ओठ हलले. मग खांब उचलला, फिरवला, आणि माझं बोट तुळईच्या भोकात शिरून दिसेनासं झालं. खांब थोडा आखूड पडला होता, तिथं खाली सपाट दगड घातला. टेकू निघाले. तुळई बसली.

तात्या खांबाला हात लावून नमस्कार करून आत गेले. माणसं हत्यारं गोळा करत होती. मी तुळशीपाशी दौलूमामांना हातावर पाणी घालत होते, तेव्हा हळू आवाजात म्हटलं, “मामा, त्यो गेरू मी लावलाय.”

“व्हय.”

“खांब सरळ हुता.”

“व्हय.”

“आता उलटा झाला.”

ते हात धूत राहिले.

“मी सांगते सगळ्यास्नी.”

“सांग,” ते म्हणाले. “आनि ट्रंक भाईर आन.”

मी हातातला तांब्या खाली ठेवला. ते टॉवेलाला हात पुसत म्हणाले, “भ्या वाटून घिऊ नगंस. ऐन हाय त्यो. सरळ उभा कर, उलटा उभा कर, तुळईला सोडत न्हाई. घर पडनार न्हाई, एवढं मी सांगतो.”

“आनि रीत?”

“रीत मोडली ती म्या. ज्ये काय व्हायचं असंल त्ये माज्यावर येऊ दे, असं सांगूनच उभा केलाय.” मग आत तात्यांच्या खोलीकडे बघून म्हणाले, “कुनाला बोलू नगंस. तात्या हायेत तवर तर अजाबात न्हाई.”

मी पाया पडले. अंगणात, सगळ्यांसमोर, एका सुताराच्या पाया पडले. आत्ती दारातून बघत होत्या. त्यांनी मला त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही.

त्यानंतर घरात सगळं चांगलंच झालं, असं लोक म्हणतात. खरं सांगायचं तर पुढच्याच साली दुसरा बैलही गेला, आणि एकदा गंजी जळाली. पण आता खांब सरळ झाला होता, त्यामुळे कोणी मोजायला बसलं नाही. मालकांचा पाय जुळला, थोडा लंगडत राहिला. मला दोन मुलं झाली. तात्या शेवटी शेवटी माझ्याच हातचं जेवत आणि लोकांना सांगत, सून लक्ष्मी हाय आमची. मालकांना मी यातलं काही बोलले नाही. बोलायची पाळी त्यांची होती तेव्हा ते बोलले नाहीत, मग मीही बोलले नाही.

दौलूमामांना मात्र घराच्या कामाला पुन्हा कोणी बोलावलं नाही. पाच गावांत बातमी गेली होती, आणि तीही त्यांच्याच तोंडची. चौकट बसवायला, खांब उभा करायला दुसऱ्या गावचे सुतार यायला लागले. दौलूमामा मुसळं करायचे, पाट करायचे, कुळवाची दिंडं करायचे. बाजारात मांडून बसायचे. मी दर बाजाराला त्यांच्याकडून काहीतरी घ्यायची. घरात पाट इतके झाले की आत्ती म्हणाल्या, “पंगत घालायची हाय काय गं?” त्या खांबाच्या कापून टाकलेल्या तुकड्याला दुसरं लाकूड जोडून मी त्यांच्याकडून रवीची बैठक करून घेतली. ती अजून आहे. दौलूमामा वारले तेव्हा तात्या अजून होते.

परवा, म्हणजे गेल्या दिवाळीनंतर, माझ्या मुलानं, विलासनं, ते घर उतरवलं. आता स्लॅबचं बांधायचं होतं. जुन्या ऐनाला हल्ली फार मागणी आहे म्हणे, हॉटेलवाले नेतात. लाकूड बघायला दौलूमामांचा नातू आला, अमर. तालुक्याला त्याचं फर्निचरचं दुकान आहे, प्लायवूडचं काम करतो. पण हत्यार धरायची घरची सवय गेलेली नाही.

तुळई उतरवली. चौथा खांब मोकळा झाला आणि वरचं कुसू उघडं पडलं. अमर शिडीवर होता. तो तिथंच थांबला. मग खाली येऊन माझ्याजवळ बसला.

“आज्जी, आमच्यात बुंध्याला गेरू लावत्यात. मला बाबांनी शिकवलंय.”

“माहीत हाय.”

“ह्या खांबाचा गेरू वर हाय.” त्याचा चेहरा उतरला होता. “लोक अजून आम्हाला ऐकवत्यात, तुमच्या आज्ज्यानं खांब उलटा बसवला. मला वाटायचं, निदान नंतर सरळ तरी केला. त्यांनी तर दुसऱ्यांदाबी उलटाच बसवला.”

“दुसऱ्यांदा नव्हे,” मी म्हटलं. “एकदाच.”

आणि मी त्याला सगळं सांगितलं. विलास उभा होता, माझी सून उभी होती, लाकडं उचलणारी माणसं उभी होती. सगळ्यांसमोर सांगितलं. ज्यांच्यापासून लपवायचं होतं त्यांतलं कोणी उरलं नव्हतं. अमरनं ऐकून घेतलं आणि खांबाशी जाऊन त्या गेरूवर बोट ठेवलं. मग माझा हात ओढून माझं बोट त्यावर टेकवलं. माझं बोट आता वाकडं झालंय, नीट बसलं नाही. पण तो हसला. म्हणाला, हा खांब विकायचा नाही, मला द्या.

कुसवाचा तेवढा तुकडा मात्र मी कापून मागितला. संध्याकाळी तो घेऊन सुतारांच्या आळीत गेले. हौसा अजून त्याच घरात आहे, भावाच्या मुलांजवळ. डोळ्यांना कमी दिसतं. आम्ही इतकी वर्षं एका गावात राहिलो, लग्नाकार्यात एकमेकींना हळदीकुंकू लावलं, पण त्या दिवसाबद्दल कधी बोललो नव्हतो. मी तुकडा तिच्या हातात दिला.

तिनं तो चाचपला. वजन करून बघितलं. “ऐन हाय,” म्हणाली. मग तोंडाजवळ नेऊन त्या टोकाकडे बघितलं. “तुज्या घरचा न्हवं? ह्ये तुजंच बोट.”

“तुला कसं माहीत?”

“बाबांनी घरात सांगितलं व्हतं. आईला आनि मला. तुमच्याकडनं आलं त्याच दिवशी.”

“आणि तू एवढी वर्षं बोलली नाहीस?”

“तू तरी कुठं बोललीस?” ती म्हणाली. खडबडीत लाकडावर तिचा अंगठा फिरत होता. “आई लई भांडली त्येंच्याशी. घरादाराचं नाव घालवलंसा म्हनली. कोनाची कोन ती, तिच्यापायी खोटं का बोललासा. बाबा भाकरीवर बसल्यालं व्हतं. उठलं न्हाईत, चिडलं न्हाईत. माज्याकडं बघून आईला म्हनलं, हौसाला सासरनं परत लावून दिली, त्या दिशी तितं कुनी सुतार बोलवला न्हवता.”